डोंगळ्यावर ड्रोन फिरवू का?

प्रश्न: नमस्कार सर, बियाण्यासाठी पाऊण एकर कांद्याचे डोंगळे लावलेत. फुलांचे गोंडे मस्त आलेत पण मधमाशी दिसतच नाही, मागच्या साली अर्धे गोंडे पोकळ निघाले. पुतण्या व्हिडिओ बघून म्हणतो फवारणीचा ड्रोन वरून फिरवू, हवेनं पराग पडतो, जपानमधे तर साबणाच्या फुग्यांनी करतात म्हणे. खरंय का?
– एक वाचक, जि. बुलडाणा

उत्तर: दादा, पुतण्यानं बघितलेलं खोटं नाही, पण अर्धंच आहे. जपानमधे २०१७ साली छोट्या ड्रोनला घोड्याचे केस आणि चिकट जेल लावून लिलीच्या फुलावर पराग नेला, मग २०२० मधे परागाचे फुगे नाशपातीवर सोडले आणि फळं धरली सुद्धा, पण ते फुगे माणसानं हातातल्या पिचकारीनं सोडले होते. ड्रोनवरून सोडले ते नकली लिलीच्या फुलांवर! व्हिडिओत हे कोण सांगतंय.

टोमॅटोचं वेगळं असतं, त्याचं फूल स्वतःच्याच परागावर धरतं, नुसतं हलवलं की काम झालं, म्हणून पॉलीहाऊसमधे हवेचा झोत मारणारे रोबोट चालतात. कांद्यात मात्र फुलाचा पराग आधी सांडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो, त्यात तो चिकट, आणि एका गोंड्यात शेकडो फुलं, तीही एकदम न उमलता दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. एवढे दिवस रोज ड्रोन कोण फिरवणार? वर त्याच्या वाऱ्यानं दांडे मोडले तर ते वेगळंच. अगदीच माशी नसेल तर सकाळी गोंड्यांवरून हलका हात फिरवतात, थोडा फरक पडतो, पण पाऊण एकराला मजूर परवडायचा नाही.

म्हणून मधमाश्यांच्या पेट्याच आणा, भाड्यानं मिळतात. पण फुलं यायच्या आधी आणू नका. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फारसा आवडत नाही, शेजारी सूर्यफूल किंवा मोहरी फुलली असली की ती सरळ तिकडं पळते आणि एकदा तिकडची सवय लागली की परत वळत नाही. दहा टक्के गोंडे फुलले की पेट्या ठेवा, जवळ पाण्याचं पसरट भांडं, त्यात दगड टाकून.

आता तुम्ही विचारलं नाही ते मी विचारतो, फुलकिड्यांवर काय मारता आणि कधी? फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं मारली तर माशी येणार कशी! युरोपनं ही दोन्ही आणि क्लोथियानिडिन २०१८ मधे उघड्या शेतात बंद केली, ती मधमाश्यांसाठीच. फवारायचंच तर फुलं यायच्या आधी आटपा, फुलोऱ्यात अगदीच वेळ आली तर माशा घरी गेल्यावर, संध्याकाळी उशिरा. आणि बांधावरच्या झाडाला आग्या मोहोळ असेल तर मधासाठी ते जाळू देऊ नका.

पेट्यांचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या. त्यांनी भर सकाळी फवारलं तर पेट्यावाला नुकसान तुमच्याकडूनच मागेल.