साइटसाठी हवं ते नाव डॉट कॉमवर आधीच दुसऱ्या कुणी घेतलेलं असेल तर मध्ये हायफन घालून घ्यावं, की तेच नाव डॉट आयओवर घ्यावं?

दोन्ही नको. नाव बदला. अजून साइट उभी राहिलेली नाही आणि पत्ता कुणाला दिलेला नाही, तोवर हेच सगळ्यात सोपं काम आहे.

ऐकलेलं नाव माणूस सलग टाइप करतो आणि सवयीने पुढे डॉट कॉम लावतो. मधला हायफन किंवा शेवटचं आयओ त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणजे तुम्ही जितकी जाहिरात कराल, तितके वाट चुकलेले लोक त्या डॉट कॉमवाल्याकडे जाणार. ते एक वेळ चालेल, ज्याला गरज आहे तो शोधून परत येईल. खरी पंचाईत ईमेलची आहे. त्या डॉट कॉमवाल्याने आपल्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या त्या नावावर, कुठल्याही पत्त्यावर आलेली मेल एकाच इनबॉक्समध्ये पडेल अशी सोय केली असेल, तर तुमच्या ग्राहकाने हायफन विसरून पाठवलेली कागदपत्रं थेट त्याच्याकडे जातात. मेल पोहोचली असल्याने ती परत येत नाही, आणि तुम्हाला काही झाल्याचा पत्ताही लागत नाही.

तो मालक तुमच्याच धंद्यातला असेल आणि नावाचा ट्रेडमार्क त्याच्याकडे असेल, तर प्रकरण आणखी चिघळू शकतं. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या तंट्यांसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची पद्धत आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं मिळतंजुळतं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेऊन वापरताय. तिन्ही सिद्ध व्हाव्या लागतात, त्यामुळे लगेच घाबरून जायचं कारण नाही. पण हायफन घातला म्हणून नाव वेगळं झालं, हा बचाव तिथे टिकत नाही.

आता आयओबद्दल. दोन अक्षरी शेवट हे देशांचे किंवा प्रदेशांचे असतात. आयओ हा ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा, एआय अँग्विलाचा, टीव्ही तुवालूचा. ते छान दिसतात, पण नियम ठरवणारे लांबचे लोक असतात आणि राजकारण फिरलं की त्याची झळ डोमेनला बसते. युगोस्लाव्हियाचा डॉट वाययू २०१० मध्ये कायमचा बंद झाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, पात्रता न उरलेल्या तिथल्या मालकांची डॉट ईयू डोमेन २०२१ च्या सुरुवातीला निलंबित झाली. आयओच्या त्या बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या आणि त्या शेवटाच्या भवितव्याची चर्चा चालू आहे. उद्या सकाळी काही होणार नाही, पण नव्याने सुरुवात करताना हे ओढवून कशाला घ्यायचं? तुमचा वाचक एकाच देशातला असेल तर त्या देशाचा शेवट मात्र खुशाल घ्या.

नवं नाव शोधताना कसोटी एकच: फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर टाइप करता आलं पाहिजे. मराठी नावांचं घोडं इथेच अडतं, कारण रोमन लिपीत आपलं स्पेलिंग ज्याचं त्याचं. 'वीज' घ्या. सुरुवातीला व्ही की डब्ल्यू, मध्ये आय की दोन ई? एका छोट्या शब्दाची चार रूपं झाली. 'किरण' किंवा 'कमल' सांगितलं तर बहुतेक लोक एकच स्पेलिंग करतील. आवडलेलं नाव चार-पाच जणांना नुसतं तोंडी सांगा आणि टाइप करून पाठवायला लावा. दोघांनी वेगळं पाठवलं तर ते नाव सोडा, कितीही जीव जडलेला असो. आकडेही याच कारणासाठी टाळा, कारण अंक लिहायचा की अक्षरात, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

देवनागरीत डॉट भारत मिळतं आणि दिसायला सुंदर असतं. पण आतली यंत्रणा त्याचं रोमन अक्षरांच्या सांकेतिक साखळीत रूपांतर करते, आणि बरेच फॉर्म व मेलसेवा असा पत्ता अजून नीट स्वीकारत नाहीत. जोडीला असू द्या, मुख्य पत्ता करू नका.

दोन शब्द जोडत असाल तर सलग लिहून मोठ्याने वाचा. एक्स्पर्ट्स एक्स्चेंज या साइटचा पत्ता आधी सलग होता. शब्द भलत्याच जागी तुटून भलताच अर्थ निघू लागला आणि शेवटी त्यांना हायफन घालावा लागला. (हायफनचा एवढा एकच उपयोग मला मान्य आहे.) सर्चसाठी नावात कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, कोंबायचं तर विसराच. निव्वळ कीवर्ड जुळतात म्हणून वर येणाऱ्या हलक्या साइटना गूगलने २०१२ मध्येच खाली ढकललं.

घेण्याआधी वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या संग्रहात, त्या नावाचा इतिहास बघा. आधी तिथे जुगार किंवा स्पॅम असेल तर ती बदनामी तुमच्या मेलला चिकटू शकते. आणि नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यातून करा, साइट बनवणाऱ्याच्या नाही. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मुदत संपून नाव काढून टाकलं गेलं, तर ३० दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी कुणालाही खुलं होतं. म्हणून ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) चालू ठेवा, आणि रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं की नूतनीकरणाची आठवण करून देणारी मेलही तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.