हिरा नको म्हणतेय ना, मग खडा असा बघ

भो,

तुझा मेसेज मिळाला, अंगठीच्या खड्यांचे फोटो पण बघितले सगळे. तुझी होणारी बायको हिरा नको म्हणाली तर तू इतकं टेन्शन कशाला घेतलंस तेच कळेना, साखरपुड्याला हिराच पाहिजे असा काही आपल्या खान्देशात जुना रिवाज नाहीये, आपल्याकडचे पाहुणे अंगठी हातात घेतात, वजन विचारतात आणि जेवायला बसतात. घरच्यांचं मी बघतो.

आता फोटोंचं. तो ओपल आधी काढून टाक. दिसायला लाख सुंदर, मलाही आवडतो, पण रोज घालायच्या अंगठीत नाही. खड्याचा कडकपणा मोजायची मोह्सची पट्टी असते, 1812 पासून चालत आलीय, टाल्क 1 आणि हिरा 10. ओपल त्यात साडेपाच ते साडेसहा. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते ना, तिच्यात क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, बारीक कण असतात, त्यांचा कडकपणा 7. म्हणजे ओढणीने नुसती अंगठी पुसली तरी दोन-तीन वर्षांत खडा आंधळा होणार. वर ओपलच्या आत पाणी असतं, जळगावच्या मे महिन्यात 44-45 डिग्रीला तो तडकला तर दोष कुणाला देशील? मोती तर त्याहून मऊ, तो कानात गळ्यात शोभतो.

पाचूला मी नाही म्हणतोय त्याचं कारण वेगळं, आणि ते कारण म्हणजे तिचं काम. पाचू कडक असतो, साडेसात-आठ, पण त्याच्या आत जन्मतः भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंमध्ये तेल भरलेलं असतं. ती केळीची रोपं बनवणाऱ्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये आहे, दिवसभर हाताला स्पिरिट, वरून ग्लोव्ह्ज, तेल हळूहळू निघून जातं मग भेगा वर येतात आणि तू म्हणशील काकांनी फसवलं. अरे खडा निवडताना सगळे मोबाईलमध्ये बघतात, तो कुठल्या हातात जाणारे ते कुणी बघत नाही.

मॉइसनाइट तुला स्वस्तातला हिरा वाटतोय, तसं नाहीये ते. सिलिकॉन कार्बाइड आहे, निसर्गात जवळपास मिळतच नाही, 1893 मध्ये हेन्री म्वासाँला अमेरिकेत ॲरिझोनाच्या उल्केच्या खड्ड्यातल्या नमुन्यांत सापडलं होतं म्हणून हे नाव, दागिन्यात येतं ते सगळं लॅबमधलं. कडकपणा सव्वानऊ, तिच्या कामाला एकदम बरोबर. चमक हिऱ्यापेक्षा जास्त, उन्हात रंगीत ठिणग्या मारतो, कुणाला ते आवडतं कुणाला भडक वाटतं, तिला दाखवूनच घे. फक्त एक लक्षात ठेव, दुकानातलं साधं डायमंड टेस्टर उष्णता किती पटकन वाहते तेवढंच बघतं, त्यामुळे मॉइसनाइटवर पण ते हिरा म्हणून वाजतं. उद्या कुणी पाहुणा टेस्टर लावून म्हणाला की हा तर अस्सल हिरा आहे, तर हरखून जाऊ नको. बिलावर मॉइसनाइट असंच लिहून घे. आणि अमेरिकन डायमंड म्हणतात तो अजून वेगळा, झिरकोनियाचा, दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवलेले असतात बऱ्याचदा.

तिला रंग पाहिजे असेल तर माझं मत नीलम किंवा स्पिनेल. नीलम 9, निसर्गात मिळणाऱ्या रत्नांत हिऱ्याच्या खालोखाल, डायनाच्या साखरपुड्याची अंगठी पण 1981 ला नीलमचीच होती. पण तुझी आजी लगेच म्हणणार, शनीना खडा शे तो, नको भो. आजीशी वाद घालून साखरपुडा होत नसतो, म्हणून मी स्पिनेल म्हणतो. कडकपणा 8, लाल, गुलाबी, निळा, जांभळट सगळ्यात मिळतो, बहुतेक वेळा भट्टीत तापवलेला पण नसतो, आणि नवग्रहांच्या नऊ खड्यांत त्याचं नावच नाही, कुठला ग्रह विचारायचीच सोय नाही! इंग्लंडच्या राजमुकुटातला तो मोठा लाल खडा शेकडो वर्षं माणिक म्हणून मिरवत होता, तो खरं तर स्पिनेलच. पण लॅबमध्ये बनवलेला स्पिनेलही मार्केटमध्ये भरपूर आहे, म्हणून जीआयए किंवा आयजीआय या खडे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट असल्याशिवाय पैसे देऊ नको. माणिक बघायचंच असेल तर आधी काच भरलेलं आहे का विचार, अशा माणकात शिशाची काच असते, लिंबाच्या रसाने पण खराब होतं.

ते सावद्याकडचे हिरवे स्फटिक बसवता येतील का विचारलंस ना. अपोफिलाइट ते. आपल्या काळ्या बसाल्टमध्ये विहिरी आणि खाणी खोदताना निघतात, जगभरातले कलेक्टर जळगावचं नाव त्यानेच ओळखतात. पण कडकपणा साडेचार-पाच आणि ठोकर लागली की थर सुटतो. एक छान तुकडा घे आणि तिच्या टेबलावर ठेवायला दे, अंगठीत नको.

खडा कॅरेटवर, म्हणजे वजनावर नाही, मिलिमीटरवर घे. नीलम हिऱ्यापेक्षा जड, मॉइसनाइट हलकं, म्हणून एकाच वजनाचे तीन खडे वेगवेगळ्या साइझचे दिसतात. रत्तीत भाव सांगितला तर कॅरेटमध्ये करून माग, रत्ती थोडी लहान असते. रंग दुकानाच्या लाइटखाली बघू नको, बाहेर सावलीत ये, कित्येक नीलम तिथे काळे दिसतात.

कोंदण बेझलचं घे, म्हणजे चारी बाजूंनी सोन्याची कड, वर आलेले दात नकोत, ग्लोव्ह्ज फाटतात. सोनं 18 कॅरेट, हॉलमार्कवर 750 आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर बघ, 22 कॅरेट मऊ पडतं. बिलात सोन्याचं वजन वेगळं, खड्याचं वेगळं. मोडीला नेलीस तर सोन्याचे पैसे मिळतील, खड्याचे धरू नको, हे तिलाही आधीच सांग.

आणि बोटाचं माप दुपारी घे, सकाळी नको. उन्हाळ्यात बोटं फुगतात आणि तुमचा साखरपुडा एप्रिलमध्ये आहे. घेण्याआधी रिपोर्टचा फोटो मला टाक.

काका