'टीकात्मक' नको, 'चिकित्सक' म्हणा

प्रश्न: 'क्रिटिकल सायकॉलॉजी'ला टीकात्मक मानसशास्त्र म्हणावं का? हे लोक ज्ञानापुढे भावनांना कमी लेखतात का?

'टीकात्मक' ऐकलं की माझं डोकं फिरतं. क्रिटिकल दिसलं की लावली टीका! अहो, टीका म्हणजे मुळात अर्थ उलगडणं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. असो. माणसाचं मन त्याच्या परिस्थितीसकट तपासून बघणारं हे शास्त्र, सरळ 'चिकित्सक मानसशास्त्र' म्हणा. एकेक भेंडी मोडून बघणाऱ्यालाही आपण 'फार चिकित्सक बुवा' म्हणतोच की.

खरी गंमत पुढे आहे. पाणिनीच्या एकाच सूत्रातून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा निघतात. लगेच पुढच्या सूत्रातून मीमांसा आणि बीभत्सा! किळस, सोशिकपणा आणि तपासणी एकाच पंगतीला. घडण जिज्ञासेसारखीच (जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा), इच्छार्थक. वैयाकरण लगेच हटकतील, की या शब्दांत इच्छेचा अर्थ नाही. नसेल त्यांच्या लेखी. धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांची जुनी यादी, तर कित् हा वेगळाच धातू मानतो, अर्थ काय तर राहणे आणि रोग घालवणे. राहण्याचा इथे संबंध काय? चित् म्हणजे लक्षात येणे, जाणवणे. त्यावरून चिकित्सा काढणारा अमेरिकन संस्कृतपंडित व्हिटनी मला पटतो. कठोपनिषदात माणूस मेल्यावर उरतो की नाही, या शंकेला नचिकेता 'विचिकित्सा' म्हणतो. तिथे कुठला आलाय रोग? खुद्द नचिकेताच्या नावातही हाच धातू दडलाय असं माझं मत, पण तो विषय काढला तर रात्र सरेल.

हां, भावनांचं राहिलं. कमी लेखत नाहीत, उलटंच आहे. बर्लिनचे मानसशास्त्रज्ञ क्लाउस होल्झकाम्प यांनी १९८३ मध्ये या विचाराचा पाया मांडणारा ग्रंथ लिहिला. त्याआधीच, १९७०च्या दशकात, याच विचाराच्या उटे होल्झकाम्प-ओस्टरकाम्प यांनी म्हटलं होतं की भावना ही ज्ञानाच्या वाटेतली धोंड नव्हे, ज्ञानाला वाट तीच दाखवते. परीक्षेआधी पोरीच्या पोटात गोळा येतो. तिला 'मन घट्ट कर' म्हणून गप्प बसवण्याआधी तो गोळा तिच्या परिस्थितीबद्दल काय सांगतोय ते बघा. पुढे होल्झकाम्प यांनी शिकण्याचेही दोन प्रकार केले: आपलं जगणं रुंदावायला शिकणं आणि नुसतं संकट टाळायला शिकणं. पाठ केलेलं पेपर देऊन आल्यावर विसरतं, ते दुसऱ्यातलं.

'क्लिनिकल'शी घोटाळा होईल म्हणता? त्याला 'चिकित्सालयीन' आहे ना, तो वापरा.