बाकावर बसून राहू नकोस

प्रिय मित्रा,

बायकोच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायच्या बॅगेत काय काय भरायचं, असं तू काल फोनवर विचारलंस. ते तुझ्या सासूबाईंना विचार. मी तू न विचारलेलं सांगतो.

माझी मुलगी कराडला झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून बायको माहेरी. मला रात्री पुण्यात फोन आला, स्वारगेटहून मिळेल ती एसटी पकडली आणि पहाटे पोचलो, तर ती लेबर रूममध्ये आणि मी बाहेरच्या बाकावर. सिस्टर अधूनमधून चिठ्ठी आणून द्यायच्या आणि मी मेडिकलकडे पळायचो. खरं सांगू? पळायला बरं वाटायचं. बसून राहणं जमत नव्हतं.

मुलाच्या वेळी डॉक्टरांनी आत घेतलं. मी मोठ्या तयारीने तिचा हात हातात घेतला, तिने तो झटकला. तिला कंबर दाबून हवी होती, तीही मुठीने, जोरात. दोन कळांच्या मधे घोटभर पाणी. एवढंच माझं काम. तेवढ्यातही माझी पाठ भरून आली, पण ते मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

तू आत जाऊ शकतोस का, हे आत्ताच विचारून ठेव. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत घरचं एक माणूस ठेवायला केंद्राने २०१६ मध्ये परवानगी दिली. आधी घरातली बाईच, नवऱ्याला मात्र आत आडोशाची नीट सोय असेल तिथेच. खासगीत जो तो आपलं ठरवतो. पण आधी तिला विचार. तिला आई हवी असेल, तर तू बाहेर थांब आणि तोंड पाडून बसू नकोस.

बाळ बघून घाबरशील. मी घाबरलो होतो. डोकं लांबट, अंगावर लोण्यासारखा पांढरा थर, हातपाय निळसर. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. सिस्टर हसल्या. हातापायांचा तो निळेपणा एखाद-दुसऱ्या दिवसात जातो, डोकंही आपोआप गोल होतं. ओठ-जीभ निळी दिसली, तर मात्र लगेच हाक मार.

मग खरं काम सुरू होतं. कुणीतरी मावशी सोन्याच्या अंगठीला मध लावून बाळाच्या तोंडाशी आणेलच. मध वर्षभर नाही, घुटी नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही. पहिल्या तासाभरात आईचं दूध, तो पिवळसर चीकच. कुणी तो पिळून टाकायला सांगितलं, तर आडवा हो. पहिल्या दिवशी अंघोळही नको. हे भांडण बाळंतिणीच्या अंगावर टाकू नकोस, तू घे. वाईटपणा आला तर तुझ्या वाट्याला येऊ दे, बारशापर्यंत सगळे विसरतात. (आमची मावशी विसरली नाही, पण ती गोष्ट वेगळी.)

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखाना माहिती पाठवतो, बाळाचं नाव नंतर घालता येतं. पण फॉर्मवर आईचं नाव तिच्या आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिही. मी झोपेत एक वेलांटी चुकवली आणि मुलीच्या दहावीच्या फॉर्मच्या वेळी नगरपालिकेत तीन फेऱ्या मारल्या.

कळा सुरू झाल्या की रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर. मी जागाच असेन.

तुझा,
काका