बिंदूच्या आधीचे अर्धे शतक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा उल्लेख नेहमी ‘आपल्या नागपूरचे रझा’ असा करीत. पुढील आयुष्याची साठ वर्षे फ्रान्समध्ये काढलेल्या या चित्रकाराचा नागपूरशी नेमका काय संबंध होता? शिवाय त्यांच्या चित्रांतला काळा बिंदू हा शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्यातून आला असे सांगतात. ही गोष्ट कितपत खरी मानावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर होते, फक्त त्यात मंडल्याची भर घालायला हवी. रझा यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी झाला. मंडला आज मध्य प्रदेशात असले तरी त्या काळी ते मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे दमोहच्या सरकारी शाळेत शिक्षण झाल्यावर चित्रकला शिकू इच्छिणाऱ्या मुलाने नागपूरची वाट धरणे अगदी स्वाभाविक होते. 1939 ते 1943 ही वर्षे त्यांनी ‘नागपूर स्कूल ऑफ आर्ट’मध्ये काढली आणि तेथून ते मुंबईला आले.

त्यांचे वडील वनखात्यात नोकरीला होते, म्हणून बालपण नर्मदेच्या खोऱ्यातील दाट जंगलात गेले. जंगलातल्या रात्रींची भीती, त्या अंधारात दिलासा देणारी गोंडांची नृत्ये, उजाडल्यावर परत येणारा धीर आणि बाजाराच्या दिवशी एकदम उसळणारे रंग यांविषयी रझा म्हातारपणीही बोलत असत. त्यांच्या चित्रांतील काळ्या रंगाकडे पाहताना मला ही रात्र नेहमी आठवते. तो काळा रंग शोकाचा वाटत नाही. ज्यातून पुढे सगळे उजळणार आहे, असा तो अंधार आहे.

आता ठिपक्याविषयी. प्राथमिक शाळेत असताना या मुलाचे मन अभ्यासात लागत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी त्याला थांबवून घेतले, भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सारे विसरून त्याच्याकडेच पाहत राहायला सांगितले. हा प्रसंग रझा यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे, त्यामुळे तो रचलेला मानण्याचे कारण नाही. मात्र त्या ठिपक्यातून बिंदूची चित्रे आपोआप उगवली असे समजणे चुकीचे ठरेल. तो प्रसंग 1930 च्या आसपासचा आहे आणि बिंदू त्यांच्या कॅनव्हासच्या मध्यभागी स्थिरावला तो 1970 च्या दशकाच्या अखेरीस. मधल्या जवळजवळ अर्ध्या शतकात या माणसाने जे कष्ट उपसले, त्यांचा हिशेब या सुंदर गोष्टीत येत नाही, आणि माझ्या मते खरे चरित्र तिथेच आहे.

मुंबईत पोटासाठी त्यांनी ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत काम केले, पुढे सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि जलरंगात मुंबईचे रस्ते व पावसाळी आकाश रंगवले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांनी त्यांना आपला स्टुडिओ खुला करून दिला. 1947 मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांच्यासोबत ते ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ या आधुनिक कलावंतांच्या गटाच्या संस्थापकांत होते. त्याच वर्षी आई गेली आणि पुढच्या वर्षी वडील.

1948 मध्ये काश्मीरात त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. चित्रे पाहून त्यांनी सांगितले की हात चांगला आहे, पण चित्रांना बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा. पंचविशी ओलांडलेल्या, नाव होऊ लागलेल्या चित्रकाराला असे बोल लागले असते, तरी त्यात नवल नव्हते. रझा यांनी मात्र ते इतके मनावर घेतले की फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून 1950 मध्ये ते पॅरिसला गेले आणि तेथील राष्ट्रीय कलाविद्यालयात पुन्हा विद्यार्थी झाले. त्यानंतरची दोन दशके त्यांनी मुख्यतः निसर्गचित्रेच केली. आधी काटेकोर रेषांत बसवलेली घरे व गावे आली, मग जाड तैलरंगांत पेटल्यासारखी खेडी आणि चर्च. 1956 मध्ये त्यांना फ्रान्समधील समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितीक’ हा पुरस्कार मिळाला, जो त्याआधी कोणत्याही परदेशी चित्रकाराला मिळालेला नव्हता. 1962 मध्ये अमेरिकेत बर्कली येथे शिकवायला गेले असता त्यांनी अमेरिकन अमूर्त चित्रकार रॉथ्कोची चित्रे जवळून पाहिली, आणि पुढे ते तैलरंगांकडून अ‍ॅक्रिलिककडे वळले.

एवढे सगळे हाती असूनही चित्रांत आपले स्वतःचे काहीतरी उणे आहे, ही बोच 1970 च्या सुमारास वाढत गेली. ते वारंवार भारतात येऊ लागले. अजिंठा-वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान अशी भटकंती झाली आणि मग गुरुजींचा ठिपका परतला. तो ज्या चौकोनात, त्रिकोणात, पट्ट्यांत बसला, ती बांधणी सेझानकडून आणि वर्षानुवर्षांच्या निसर्गचित्रणातून आलेली होती. ‘सौराष्ट्र’ (1983) या मोठ्या चित्राची छापील प्रत मिळाली तर अवश्य पाहावी. त्यातील एकेक चौकट म्हणजे एक स्वतंत्र निसर्गचित्र आहे आणि बिंदू त्या सर्वांना धरून आहे. तो भिंतीवरचा ठिपका मुलाला मिळाला होता, पण तो चित्रात कुठे ठेवायचा हे कळायला साठीजवळ यावे लागले.

प्रश्न : फाळणीनंतर रझा यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले, मग ते का गेले नाहीत? आणि देशावर एवढे प्रेम असेल तर ते फ्रान्समध्ये का राहिले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ते न जाण्याचे कारण रझा यांनीच दिले आहे. लहानपणी मंडल्यात त्यांनी गांधीजींना पाहिले होते, आणि देश सोडणे म्हणजे त्या माणसाशी प्रतारणा ठरेल असे त्यांना वाटले. फ्रान्सला ते शिकण्यासाठी गेले. तेथे चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी 1959 मध्ये त्यांचा विवाह झाला. पॅरिस आणि दक्षिणेतील गोर्बियो हे खेडे अशी दोन घरे झाली. तरीही भारतीय नागरिकत्व त्यांनी सोडले नाही, आणि कॅनव्हासवर देवनागरी अक्षरे लिहिणेही. ‘माँ’ (1981) या चित्रात त्यांनी कवी अशोक वाजपेयी यांची हिंदी ओळ उतरवली आहे, परतून येईन तेव्हा काय आणीन, असे आईला विचारणारी. दूर राहणाऱ्याचे प्रेम कमी असते असे मानणाऱ्यांनी ती ओळ वाचावी.

2002 मध्ये जानीन वारल्या. 2010 च्या अखेरीस रझा दिल्लीला कायमचे परतले आणि नव्वदी उलटल्यावरही रोज चित्र काढत राहिले. 23 जुलै 2016 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी झाले.