आयरिश शब्दकोश म्हटलं की फादर डिनीनचंच नाव का घेतात?

कारण त्यांनी शब्दांसोबत लोकांचं बोलणंही कोशात आणलं. पॅट्रिक डिनीन, जन्म १८६०, आयर्लंडच्या केरी काउंटीत रॅथमोरजवळ, म्हणजे आयरिश त्यांच्या घरातलीच भाषा. आधी जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री होते, १९०० मध्ये तो संघ सोडला आणि मग उरलेलं आयुष्य भाषेलाच वाहिलं. १९०४ ला त्यांचा आयरिश-इंग्रजी कोश आला. पण खरी गोष्ट पुढचीये, १९१६ च्या ईस्टर उठावात, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या बंडात, डब्लिन पेटलं त्यात कोशाच्या छपाईच्या प्लेट्सच जळाल्या! दुसऱ्या कुणी हात टेकले असते, यांनी परत बसून आधीपेक्षा कितीतरी मोठी आवृत्ती केली, ती १९२७ ला आली, तेव्हा वय ६६. मला तर हे वाचून भरूनच येतं.

त्यात नुसते अर्थ नाहीत, म्हणी आहेत, गावाकडचे वाक्प्रचार आहेत, शेतीची अवजारं आहेत. आणि आयरिशमध्ये शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं बरं का, 'बॅन' म्हणजे बाई, पण 'ती बाई' म्हणायचं तर 'अन व्हॅन', त्यामुळे मूळ शब्द माहीत नसेल तर कोशात सापडणारच नाही.

१९३४ मध्ये ते गेले. पुढे स्पेलिंग सोपं केलं गेलं, आणि १९७७ ला नीअल ओ डोनलचा नवा कोश आला, रोजच्या वापराला तोच घ्या. पण जुनी कविता वाचायची असेल तर डिनीनच लागतो.