लायसन्स लेकीच्या नावावर निघतं

प्रश्न : माझ्या मुलीचं बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालं, सध्या पुण्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप सुरू आहे. आम्ही तिचं अमेरिकेचं फिजिओथेरपीचं लायसन्स काढायचं ठरवलं आहे. एका कन्सल्टंटने तिथलं दोन वर्षांचं एक्सरसाइज सायन्समधलं एमएस सुचवलं. ते केलं की लायसन्स मिळतं, असं त्याचं म्हणणं. खर्च ४५ लाख. द्राक्षबागेवर कर्ज काढायची आमची तयारी आहे. ती इथे राहणारच नाही, मग महाराष्ट्राच्या कौन्सिलची नोंदणी करत बसायची का? दुसरं म्हणजे, ती पक्षाघाताच्या पेशंटमध्ये फार गुंतते. फोन केला की त्यांच्याबद्दलच बोलते. तिकडच्या परीक्षेचा अभ्यास होत नाही. तिला चार शब्द सांगावेत. अमेरिकेचं लायसन्स असलं की स्थळंही तशी येतील.
– एक पालक, निफाड

उत्तर : सप्रेम नमस्कार भाऊसाहेब. चार शब्द सांगते, पण ते तुम्हाला.

तुमच्या पत्रात आम्ही ठरवलं, आमची तयारी आहे, असं सगळं आहे. मुलीचं स्वतःचं एक वाक्यही नाही. तिला अमेरिकेला जायचं आहे का, हे पत्र संपलं तरी मला कळलं नाही. तिच्याबद्दलची एकच खरी माहिती मिळाली, ती पेशंटमध्ये गुंतते ही. आणि तीच तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे.

पक्षाघाताच्या पेशंटबरोबर काम म्हणजे काय, हे तुम्ही कधी वॉर्डात उभं राहून पाहिलं आहे का? माणसाला आधी कॉटच्या कडेला तोल सांभाळून बसवायचं. मग दोन पायांवर वजन घ्यायला शिकवायचं. वळलेली मूठ उघडत नाही, तेव्हा तेच तेच रोज, आठवडेच्या आठवडे करत राहायचं. वर नातेवाइकांचा रोजचा प्रश्न, 'अजून किती दिवस?' या कामाला कंटाळून हजेरीपुरती इंटर्नशिप करणारी, सही मारून लायब्ररी गाठणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी पत्र लिहिलं असतं तर मला काळजी वाटली असती. तुमची लेक दिवसभर हे करून रात्री फोनवर उत्साहाने त्याबद्दल बोलते, तर ऐकून घ्या. आणि तुम्हाला परीक्षेचीच चिंता असेल तर हेही सांगते, की अमेरिकेच्या त्या परीक्षेत मेंदू आणि मज्जासंस्थेच्या पेशंटवर मोठा भाग असतो. कॉटजवळ चाललंय तो अभ्यासच आहे.

स्थळांबद्दल एकच सांगते. लायसन्स ही पेशंटच्या सुरक्षिततेसाठी सरकारने दिलेली परवानगी असते. बायोडेटातली शोभा वाढवायला ती काढायची असेल तर ४५ लाख फार झाले.

आता त्या एमएसकडे येऊ, कारण तुमचा सगळा बेत त्याच्यावर उभा आहे आणि तो पायाच चुकीचा आहे. अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट होण्याची आजची पदवी डीपीटी, म्हणजे 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी'. पदवीनंतरचा साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि तो 'कॅप्टी' या संस्थेने मान्य केलेला असावा लागतो. एक्सरसाइज सायन्स, किनेसिऑलॉजी, हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन यांतलं एमएस ही वेगळ्याच विषयाची पदवी. तिच्यावर लायसन्स मिळत नाही, ती घेऊन नुसतं परीक्षेलाही बसता येत नाही. परदेशात शिकलेल्यांसाठी दार आहे, पण ते तुमच्या मुलीच्या बीपीटीएचमधूनच उघडतं. एफसीसीपीटीसारखी संस्था तिची इथली पदवी विषयवार, क्रेडिट आणि क्लिनिकल तास मोजून तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते. आपली पदवी त्यात बऱ्याचदा काही विषयांत कमी पडते. मग तेवढेच विषय भरून काढायचे, किंवा आधीच फिजिओ असलेल्यांसाठीची 'ट्रान्झिशनल डीपीटी' करायची. म्हणजे लायसन्स मिळायचं असेल तर ते निम्मं तिने इथे कमावलेलंच आहे, आणि कन्सल्टंट तिला भलत्याच रांगेच्या शेवटी उभं करतोय. तसलं एमएस करून तिकडच्या क्लिनिकमध्ये मदतनीस म्हणून, 'रिहॅब एड'चं काम करणारे आपल्याकडचे फिजिओ आहेत. पेशंटला हात लावायचा तो दुसऱ्याच्या देखरेखीखाली, उरलेला वेळ टेबलं पुसायची. मुलीला तिथवर पोचवायला बाग गहाण ठेवणार? कन्सल्टंटला एकच प्रश्न विचारा : 'हा कोर्स कॅप्टीमान्य डीपीटी आहे का?' उत्तर लांबलचक आलं तर समजून जा.

परीक्षेचं थोडक्यात. तिचं नाव एनपीटीई. गुण २०० ते ८००च्या पट्टीवर, पास व्हायला ६००. वर्षाच्या ठरलेल्या तारखांना होते, १२ महिन्यांत तीनदाच देता येते आणि आयुष्यात सहा वेळाच. केंद्रं अमेरिकेच्या हद्दीत, त्यामुळे मुंबईत बसून देता येणार नाही. ती पास झाली तरी लायसन्स त्या त्या राज्याचं मंडळ देतं. टेक्ससचं लायसन्स घेऊन न्यूयॉर्कमध्ये आपोआप काम करता येत नाही, आणि कागदपत्रांच्या अटीही राज्यागणिक वेगळ्या.

क्लासवाल्यांपासून मात्र जपा. 'मागच्या परीक्षेतले खरे प्रश्न देतो' म्हणणारे भेटतील. २०१० मध्ये याच प्रकारापायी भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त इथल्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांना ही परीक्षा काही काळ बंद करण्यात आली होती. पाठ केलेले प्रश्न विकले कोणी आणि अडकलं कोण! प्रामाणिकपणे अभ्यास केलेली पोरंही त्यात भरडली गेली.

'तिकडे फिजिओंचा तुटवडा आहे, ग्रीन कार्ड लगेच मिळतं,' हेही तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. तुटवडा सरकारनेच मान्य केला आहे. परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी मालकाला 'अमेरिकन माणूस मिळत नाही' हे सिद्ध करण्याच्या लांबलचक प्रक्रियेतून सूट आहे. पण ग्रीन कार्डाची रांग जन्मदेशाप्रमाणे लागते, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची आहे.

आता इथल्या कौन्सिलचं. नोंदणी 'करत बसायची का' असं विचारलंत. भाऊसाहेब, २००२ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय तिला इथे प्रॅक्टिसच करता येत नाही. इंटर्नशिप संपली की पहिलं काम ते. बाहेरच्या देशातही 'तुमच्या देशात तुम्हाला काम करायचा परवाना होता का, त्यावर काही कारवाई झाली होती का' हे तपासलं जातं. परवानाच काढला नसेल तर पडताळणी कशाची करणार? शिवाय २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आहे. नोंदणीची शिस्त यापुढे वाढणारच.

अमेरिका हा एकच परदेश नव्हे, हेही जाता जाता. ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही संस्था शिक्षण आणि अनुभव तपासून नोंदणी देते, त्यात अनुभवाला वजन आहे. ऑस्ट्रेलियात लेखी आणि प्रत्यक्ष पेशंटवरचं मूल्यमापन होतं. दुबईत तिथल्या आरोग्य प्राधिकरणाचं लायसन्स लागतं. या प्रत्येक ठिकाणी दोन-तीन वर्षं खरं काम केलेल्या फिजिओची बाजू नुकत्याच पास झालेल्या मुलीपेक्षा भक्कम असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या वर्षी परदेशाचं काहीही करू नका. नोंदणी झाली की तिला तिच्या आवडीच्या न्यूरो, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या विभागात नोकरी करू द्या. पगार सुरुवातीला कमी असेल. नातेवाइकांत सांगायला लाज वाटेल इतका कमीही असू शकतो. तो सहन करा, तिने केला तर तुम्हीही करा. तिला एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण, करावंसं वाटलं तर न्यूरोमध्ये करता येईल. दरम्यान इंटर्नशिपचं लॉगबुक, क्लिनिकल तासांचे दाखले आणि चारही वर्षांचा अभ्यासक्रम तिने आत्ताच जपून ठेवावा. पुढे एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करायचं ठरलं तर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचा अधिकृत दाखला, विद्यापीठाकडून जावं लागतं. आरोग्य विद्यापीठ नाशिकला म्हसरूळला आहे, तुम्हाला हाकेच्या अंतरावर. त्या कामात तुमची मदत तिला खरंच होईल. मूल्यांकनाचा खर्च ४५ लाखांपुढे काहीच नाही, आणि अमेरिकेचं दार तिच्यासाठी किती उघडं आहे हे त्यातूनच कळतं. कर्जाचा विचार करायचाच तर त्यानंतर.

पण हे सगळं तिला जायचं असेल तर. तिला विचारा, आणि विचारताना स्वतःचं मत दहा मिनिटं खिशात ठेवा. ती 'बघू' म्हणाली तर त्याचा अर्थ होकार असा लावू नका. तिला मला थेट लिहावंसं वाटलं तर जरूर लिहू द्या. मी तिच्याशी बोलेन आणि तिने काय सांगितलं ते तुम्हाला कळवणार नाही.

कन्सल्टंट बहुधा 'सीट जाईल' म्हणून अनामत रक्कम मागत असेल. अजून दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर पावती शोधून ठेवा आणि परताव्याच्या अटी आजच लेखी मागून घ्या.